धन्वंतरी आणि लोककारण

डॉक्टराने राजकारणात पडावे किंवा नाही, यावर पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत पुष्कळ वाद झडले असतील. नांदेड आणि लातूर या भागात मात्र त्या प्रश्नास वादाहून निराळे वजन आहे. हा मुलूख १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या अमलाखाली होता. १९५६ साली तो मुंबई राज्यात आला आणि त्याच साली औरंगाबादेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. ज्या प्रांतात डॉक्टर मुळातच थोडे, तेथे त्यांतल्या एखाद्याने दवाखान्याचे दार लोटून सभागृहाची वाट धरली, तर रोग्याने कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

ज्याने दार लोटले नाही, त्याचे चरित्र आधी पाहू. पुण्याचे तरुण शल्यविशारद डॉ. अशोक कुकडे १९६६ साली लातुरास आले. त्यांच्या पत्नी डॉ. ज्योत्स्ना कुकडे या स्त्रीरोगतज्ज्ञ, त्या, डॉ. आलूरकर आणि आणखी काही समविचारी सहकारी यांच्या साथीने तेथे विवेकानंद रुग्णालय उभे राहिले. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे गाव होते; जिल्हा होण्यास १९८२ साल उजाडावे लागले. धान्याचा आणि तेलबियांचा व्यापार भरभराटीचा, आडत्यांच्या पेढ्या गजबजलेल्या. रेल्वे म्हणाल तर बार्शी लाईटची अरुंद गाडी. पैसा गावात होता, परंतु अवघड शस्त्रक्रिया करावयाची तर सोलापूर अथवा त्याहून दूरचे शहर गाठणे भाग पडे, आणि वाटेतच कित्येकांचा प्रवास संपे.

शल्यविशारद एकटा येऊन भागत नाही, हे घरी बसलेल्या माणसाच्या ध्यानात चटकन येत नाही. भूल देणारा हवा, रक्ताची तजवीज हवी, क्ष-किरणांचे यंत्र हवे, रात्री जागणारी शिकलेली परिचारिका हवी. यातले एक उणे पडले की उत्तम हातही लुळा पडतो. म्हणून कुकड्यांच्या कामाचे खरे मोल त्यांच्या शस्त्रात जितके, तितकेच माणसे जमवून ती वर्षानुवर्षे एकत्र टिकविण्यात आहे. खाजगी दवाखाना काढून धनसंचय करण्याची वाट त्यांना मोकळी होती. त्यांनी विश्वस्त संस्थेची वाट पसंत केली. ज्या काळी खेड्यातील बाई पुरुष डॉक्टरास दुखणे सांगण्यास संकोचे, त्या काळी ज्योत्स्नाबाईंचे तेथे असणे ही लहान गोष्ट नव्हे. सन्मानाच्या याद्यांत एकच नाव येते, ही याद्यांची जुनी खोड आहे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी, अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे चारच्या सुमारास, किल्लारीची भूमी हादरली. दगडमातीची जाड भिंतींची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. जखमींचे लोंढे लातुरास येऊ लागले, तेव्हा विवेकानंद रुग्णालयाच्या सत्तावीस वर्षांच्या तपश्चर्येचा कस लागला. अशा घटकेस इमारत आणि यंत्रे नव्याने उभारता येत नाहीत. आधीपासून असेल तेच कामी येते. डॉ. कुकडे राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे मोठे अधिकारी झाले. त्यांचा विचार सर्वांसच मानवेल असे नाही. परंतु निवडणुकीच्या वाटेस ते गेले नाहीत. २०१९ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

नांदेडचे डॉ. व्यंकटेश काब्दे यांनी दुसरा मार्ग धरला. १९८९ च्या निवडणुकीत जनता दलाच्या वतीने उभे राहून त्यांनी काँग्रेसचे अशोकराव चव्हाण यांचा पराभव केला. शंकरराव चव्हाणांच्या नांदेडात ही गोष्ट सामान्य नव्हती. पण ती लोकसभा अल्पायुषी ठरली. १९९१ च्या मार्चात ती विसर्जित झाली. पुढे मराठवाडा जनता विकास परिषदेच्या द्वारे त्यांनी या प्रदेशाच्या अनुशेषाचा प्रश्न लावून धरला. सव्वा वर्षाच्या खासदारकीहून हा चिवटपणा अधिक मोलाचा मानावा लागेल.

अलीकडची हकीकत २०२३ च्या ऑक्टोबरपासून सांगितली पाहिजे. नांदेडजवळ विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालयात त्या महिन्याच्या आरंभी चोवीस तासांत चोवीस रुग्ण दगावले. त्यांत बारा नवजात अर्भके होती. दुसऱ्या दिवसापर्यंत आकडा एकतीसवर गेला. औषधे अपुरी की मनुष्यबळ अपुरे, की रुग्ण शेवटच्या घटकेस आणले गेले, यावर बराच खल झाला. उच्च न्यायालयाने आपण होऊन या प्रकरणाची दखल घेतली. बारा घरांतील पाळणे मात्र रिकामेच राहिले.

त्यानंतर वर्षभराच्या आत या भागातून दोन डॉक्टर दिल्लीस गेले. नांदेडचे डॉ. अजित गोपछडे यांना भारतीय जनता पक्षाने २०२० साली विधान परिषदेची उमेदवारी जाहीर केली होती. मग ती मागे घ्यावयास लावून लातूरचे रमेश कराड यांना दिली. गोपछड्यांनी माघार घेतली. पक्षनिष्ठेचे हे औषध कडू खरे, पण २०२४ च्या फेब्रुवारीत ते राज्यसभेवर बिनविरोध निवडून आले. त्याच वर्षी जूनमध्ये लातूरच्या राखीव मतदारसंघातून काँग्रेसचे नेत्रवैद्य डॉ. शिवाजी काळगे एकसष्ट हजारांहून अधिक मताधिक्याने विजयी झाले. पक्ष परस्परविरोधी, विद्या एकच.

आता या विद्येचा दिल्लीत उपयोग किती? आपल्या राज्यघटनेने सार्वजनिक आरोग्य आणि रुग्णालये हे विषय राज्यांच्या सूचीत घातले आहेत. रेल्वे मागावयाची तर खासदार योग्य माणूस; सलाईनची बाटली मागावयाची तर मुंबईकडे पाहावे लागते. नांदेडचे वैद्यकीय महाविद्यालय १९८८ साली निघाले आणि लातूरचे २००२ साली. दोन्ही राज्य शासनाची. खासदाराच्या स्थानिक विकासनिधीस वर्षाकाठी पाच कोटी रुपये असतात. त्यातून रुग्णवाहिका घेता येते, एखादे यंत्र बसविता येते; नवजात अर्भकांच्या कक्षात रात्रपाळी करणाऱ्या परिचारिकेचा पगार त्यातून देता येत नाही.