कुत्रीचा माज : रक्त थांबल्यावरची काळजी

गाय माजावर आली की तिच्या हंबरण्यावरून आपल्याला लगेच कळतं आणि आपण डॉक्टरांना निरोप धाडतो. दारातली कुत्री माजावर आली की मात्र आपण म्हणतो, ‘तिला पाळी आली.’ मग घर खराब होऊ नये म्हणून तिला चार दिवस परसात बांधतो आणि रक्त थांबलं की मोकळी सोडतो. दोन महिन्यांनी पिल्लं होतात. त्यातली बरीचशी, आणि बहुधा माद्याच, पोत्यात घालून गावाबाहेर सोडली जातात. म्हणून आज याविषयी थोडं बोलू या.

कुत्रीचं हे रक्त म्हणजे आपली पाळी नव्हे. आपल्याला पाळी येते ती गर्भ राहिला नाही म्हणून. कुत्रीला रक्त दिसतं ते गर्भ राहण्याचे दिवस जवळ आले म्हणून. खरी काळजी घ्यायची असते ती रक्त कमी झाल्यावर.

पहिला माज साधारण सहा महिने ते एक वर्षाच्या वयात येतो. मोठ्या जातीच्या कुत्रीला तो कधी कधी दीड-दोन वर्षांची होईपर्यंतही येत नाही. पुढे साधारण सहा-सहा महिन्यांनी माज येत राहतो. आपल्यासारखी तिची पाळी उतारवयात बंद होत नाही. ‘म्हातारी झाली, आता कसली काळजी’ असं धरून चालू नका.

माज ओळखायचा कसा? शेपटीखालची लघवीची जागा सुजते. कुत्री ती सारखी चाटते, थोडी थोडी लघवी करत फिरते, स्वभावाने बेचैन होते. काही कुत्र्या इतक्या स्वच्छ असतात की रक्ताचा थेंब जमिनीवर पडत नाही. अशा वेळी रोज सकाळी पांढरं सुती फडकं तिथे अलगद टेकवून पाहा. पहिला डाग दिसला की कॅलेंडरवर खूण करा.

त्या खुणेपासून सुमारे नऊ दिवस नर मागे लागतात, पण ती त्यांच्यावर गुरगुरते, जवळ येऊ देत नाही. मग लाल रंग फिका, पिवळसर होतो. आता ती शेपटी एका बाजूला करून उभी राहते. हेच गर्भ राहण्याचे दिवस, आणि तेही साधारण नऊच. काहींमध्ये हे दिवस लवकर येतात, काहींमध्ये लांबतात. म्हणून खुणेपासून निदान 21 दिवस आणि सूज पूर्ण उतरेपर्यंत तिला जपायचं.

या दिवसांत तिला बाहेर बांधू नका. साखळीला बांधलेली कुत्री पळू शकत नाही आणि कुंपण ओलांडून नर येतातच. तिला घरात, दाराला कडी लावून ठेवा. जुन्या सुती साडीचे तुकडे अंथरा आणि रोज धुवा. कापडी लंगोट बांधला तर फरशी स्वच्छ राहते, पण त्याने नर अडत नाही. फिरायला नेताना पट्टा हातातच ठेवा. नर एकमेकांत भांडतात, चावतात. म्हणून रेबीजची लस आधीच दिलेली हवी.

जोडी अडकलेली दिसली तर दगड मारू नका, ओढू नका. दोघांनाही इजा होते. अर्ध्या तासाच्या आत ती सहसा आपोआप सुटतात. नंतर घरगुती औषध न देता लगेच पशुवैद्यांना विचारा. माज लांबवण्याचं इंजेक्शनही मनाने देऊ नका. त्याने गर्भाशयाचा आजार होऊ शकतो.

तो आजार म्हणजे गर्भाशयात पू होणं. माज संपल्यावर महिना-दोन महिन्यांत कुत्री खूप पाणी पिऊ लागली, जेवेनाशी झाली, उलट्या करू लागली, पोट फुगलं किंवा घाण वासाचा स्राव दिसला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कधी पू आतच कोंडतो, स्राव दिसतही नाही. उशीर झाला तर ती जगत नाही.

या सगळ्यावर कायमचा उपाय म्हणजे नसबंदीची शस्त्रक्रिया. ‘एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत, नाहीतर तिला त्रास होतो’ हा समज खोटा आहे. उलट लवकर शस्त्रक्रिया झाली तर स्तनांच्या गाठींचा धोका कमी होतो आणि गर्भाशयात पू होण्याची भीती जाते. माज चालू असताना तिथे रक्तपुरवठा वाढलेला असतो, म्हणून डॉक्टर बहुधा माज संपल्यावर दोन-तीन महिने थांबायला सांगतात. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव कुत्रीची नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांची स्थानिक संस्थेची. आपल्या गल्लीतल्या कुत्रीसाठी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत अर्ज देता येतो. चार जणींनी मिळून गेलं तर जास्तच बरं.

तोवर कॅलेंडरवरची ती खूण आणि दाराची कडी, एवढं सांभाळा. दारची मुकी लेकरं उकिरड्यावर जाणार नाहीत.