उशाखालची वही

चेटकीण हा आपल्याकडे बाईच्या जिवावर उठणारा शब्द. इंग्लंड-अमेरिकेत मात्र कित्येक शाळकरी मुली तो हौसेनं स्वतःला लावून घेतात. हे आलं कुठून? इंग्लंडमधला 1735 चा जादूटोण्याचा कायदा 1951 साली रद्द झाला. 1954 साली जेराल्ड गार्डनर यांचं पुस्तक आलं आणि ‘विक्का’ हा निसर्गपूजक पंथ लोकांना कळला. 1996 च्या ‘द क्राफ्ट’ या अमेरिकी चित्रपटानं त्याची गोडी शाळकरी पोरींना लावली. आता टिकटॉकवर त्यांची वेगळी आळीच आहे.

सामान साधंच: मेणबत्ती, सुकलेली पानं, पौर्णिमेचा चंद्र आणि मंत्रांची वही. कुणाला इजा करायची नाही, हा मुख्य नियम.

मंत्रानं रुसलेली मैत्रीण परत येत नाही, हे खरंच. पण त्या वहीत मुलगी आपली भीती, आपला अपमान लिहिते. घरात ते कुणी विचारलेलं नसतं. सोळाव्या वर्षी माझ्याही उशाखाली वही होती, कवितांची. अम्मीला मराठी वाचता येत नव्हतं. वही सापडली तेव्हा तिनं ती फाडली नाही. म्हणाली, ‘‘वाचून दाखव.’’

तुमच्याही हाती अशी वही लागली, तर एवढंच म्हणा.