शेजाऱ्याची शीव
(वार्षिक सभेतील भाषण)



मिशनच्या कामात नकाशा कशाला, असे काहींनी मला विचारले. आज त्याविषयी बोलते.

वनहक्क कायदा 2006 साली झाला. पिढ्यान्‌पिढ्या जंगलावर जगणाऱ्या गावाची ग्रामसभा त्या कायद्याने जंगलावर सामूहिक हक्काचा दावा करू शकते. आपल्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) गावाला 2009 साली सुमारे 1,800 हेक्टरांवर असा हक्क मिळाला. 2011 साली बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हाती आला. पण दावा करायचा तर गावाची शीव कोठून कोठे, हे दाखवावे लागते.

आमच्या पहिल्याच गावी आमची चूक झाली. चंद्रपूरला कार्यालयात बसून, उपग्रहाच्या चित्रावर नाला पाहून आम्ही रेषा आखली आणि नकाशा ग्रामसभेत लावला. एक आजी बराच वेळ पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "ताई, आमची देवराई तं बाहेरच राहिली." नाल्यापलीकडची देवराई आणि त्यांची मोहाची झाडे, दोन्ही रेषेबाहेर होती. तो कागद तसाच पुढे गेला असता, तर आमच्याच हाताने त्यांचे जंगल कमी झाले असते.

आता आम्ही उलट करतो. म्हातारी माणसे पुढे चालतात, तरुण मुले-मुली फोन घेऊन मागे. जीपीएसला नेटवर्क लागत नाही. नकाशा आधी उतरवून ठेवला की पुरते. दाट झाडीत जागा काही मीटर चुकते, म्हणून थांबून दोन-तीनदा नोंद घ्यायची आणि वहीत खूण लिहायची: मोठा दगड, जुना येन, बोडीची पाळ. सामाईक शिवेवर शेजारच्या गावालाही बोलावतो. रेंजमध्ये आल्यावर नोंदी सर्वांच्या एकाच तक्त्यात जातात. चंद्रपूर आणि गडचिरोली दोन्हीकडे तो लगेच उघडतो. पूर्वी वह्या एसटीने यायच्या. नकाशा क्यूजीआयएस या मोफत प्रणालीवर होतो. छापील नकाशा ग्रामसभेत वाचून दाखवतात आणि मूळ प्रत गावातच राहते. मधाच्या आणि औषधी मुळ्यांच्या जागा कोणत्याही तक्त्यात टाकत नाही. ते गावाचे गुपित आहे.

आपल्यातील एका भावाने विचारले, "ताई, देवराई आपण का नोंदवायची? ती आपल्या विश्वासातली नाही." प्रश्न प्रामाणिक होता. मी त्यांना अनुवाद 19:14 वाचायला सांगितले. शेजाऱ्याची शीव सरकवू नये, अशी आज्ञा तिथे आहे. तो शेजारी कोणाची उपासना करतो, असे त्या वचनात विचारलेले नाही.

महागडी यंत्रे आम्हाला नकोत. घरात चालू स्थितीतला जुना स्मार्टफोन असेल तर द्या. एखादी पॉवर बँक द्या; जंगलात दुपारपर्यंत बॅटरी संपते. ज्यांना संगणक येतो त्यांनी महिन्यातला एक शनिवार द्यावा आणि गावच्या मुलांना नकाशा करायला शिकवावे. पुढच्या गावी आमच्याशिवाय त्यांचे अडू नये.

आणि प्रार्थना करा, की आमच्या हातून कोणाची शीव सरकू नये. आमेन.