नारळाचं नाव आणि बाटलीतला फेस
(मांडवा येथे प्रभागसंघाच्या बैठकीत केलेले भाषण)



जेटीवरच्या स्टॉलवर पापड-लोणच्याबरोबर शाम्पूही ठेवू या, असं मागच्या बैठकीत ठरलं. त्यासाठी कोको ग्लुकोसाइड आणायचं म्हणताय. गटाचं कर्ज उचलण्याआधी त्याबद्दल थोडं ऐका.

खोबरेल तेलापासून काढलेला एक घटक आणि स्टार्चपासून केलेली साखर, म्हणजे ग्लुकोज, यांच्यापासून ते कारखान्यात बनतं. मळ निघतो, पण कातडी फारशी कोरडी पडत नाही. आपल्या विहिरींच्या जड पाण्यात साबण फुटतो, अंगावर चिकटा राहतो. याचं तसं होत नाही.

पण नारळाचं म्हणजे सौम्यच, असं समजू नका. डोळ्याला झोंबणारं सोडियम लॉरिल सल्फेटसुद्धा बऱ्याचदा खोबरेलापासूनच करतात! आई एक, लेकी दोन, स्वभाव वेगळे.

आणि ही गुणी लेकही कॅनमधून येते तेव्हा तिखटच असते. तिचा पीएच ११-१२ च्या घरात, आपल्या त्वचेचा साधारण ५. तशीच बाटलीत भरली तर डोळे चुरचुरतील, केस राठ होतील. म्हणून हातमोजे घालायचे, लिंबूसत्व म्हणजे सायट्रिक अॅसिड पाण्यात विरघळवून थोडं थोडं घालायचं आणि दर वेळी पीएचची पट्टी बघायची. ५ ते ६ दरम्यान आला की थांबायचं. शाम्पूत पाणी असतं, म्हणून तो नासू नये यासाठी प्रिझर्वेटिव्हही लागतोच.

आता मुख्य गोष्ट. घरी वापरायला करून बघा. विकायचं असेल तर सौंदर्यप्रसाधने नियम, २०२० प्रमाणे अन्न व औषध प्रशासनाचा परवाना हवा. स्वयंपाकघरात ढवळून लेबल चिकटवलं, असं चालत नाही. परवाना असलेल्या कारखान्यात आपला माल बनवून घ्यायचीही सोय आहे. त्याला लोन लायसन्स म्हणतात. तेही घ्यावंच लागतं.

लेबलवर 'केमिकल-फ्री' लिहू नका, ते खोटं आहे. 'नारळापासून बनवलेल्या घटकासह' लिहा. मुंबईहून बोटीने आलेली बाई शाम्पूत एकदा फसली, तर पुढच्या खेपेला आपला पापडही घेणार नाही.

तर बायांनो, आधी परवान्याची चौकशी, मग कॅन. चौकशीला कोण कोण येतंय, आत्ताच हात वर करा.