अणूच्या पोटातला खडा

श्रोतेहो, खळ्यावर कडब्याची गंजी आहे आणि तिच्यात काय दडवले आहे ते गंजी न मोडता ओळखायचे आहे, असे समजा. गोफण घ्यावी आणि दगड मारीत सुटावे. बहुतेक दगड कडब्यात शिरतील. पण एखादा टणकन् वाजून उलट अंगावर आला, तर आत नांगराचा फाळ आहे हे सांगायला ज्योतिषी नको.

अणूचे पोट असेच कळले. १९०९ साली इंग्लंडातील मँचेस्टर येथे रदरफोर्ड यांच्या प्रयोगशाळेत गोफण होती किरणोत्सर्गी पदार्थाची आणि दगड त्यातून सुटणाऱ्या आल्फा कणांचे. समोर धातूचा पातळ पत्रा किंवा सोन्याचा वर्ख. पडद्याला झिंक सल्फाइड लावलेले. कण आपटला की बारीकशी चमक उठे. ती काळोखात बसून, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मोजायची. डोळे शिणून जात. रदरफोर्ड यांना तेवढा धीर नव्हता. मोजणारे दोघे, गायगर आणि मार्सडेन.

अणू म्हणजे धनविद्युतेचा मऊ गोळा, त्यात लाडवातल्या बेदाण्यांसारखे इलेक्ट्रॉन, अशी तेव्हाची एक मोठी समजूत. अशा गोळ्यातून वेगवान कण जरासा कलेल, एवढेच. बहुतेक कण तसे पार जातही होते. तरी रदरफोर्ड यांनी वीस वर्षांच्या मार्सडेनला सांगितले, एखादा उलट फिरतो का तेही बघ. आणि फिरले की! प्लॅटिनमच्या पत्र्यावरून सुमारे ८,००० कणांत एक.

आठ हजारांतला एक! मोजणीतली चूक म्हणून तो कोणीही सोडून दिला असता. रदरफोर्ड त्याच्याच मागे लागले. लहानलहान धक्के साठून कण उलट फिरेल हे गणितात बसेना. एकाच टकरीत तो फिरला असला पाहिजे; म्हणजे अणूची वीज आणि बहुतेक वजन एका इवल्या जागी गोळा झालेले असले पाहिजे. हे त्यांनी १९११ साली मांडले. ती वीज धन की ऋण, हे मात्र तेव्हा मोकळेच ठेवले! सोन्याचे अणुकेंद्र ज्वारीच्या दाण्याएवढे धरले, तर अख्खा अणू सुमारे ८० मीटर रुंदीच्या शेताएवढा होईल.

शिक्षक मंडळींना एक सांगतो. फळ्यावर आपण इलेक्ट्रॉनच्या गोल कक्षा काढतो, त्या या प्रयोगात कोणाला दिसल्या नव्हत्या. प्रयोगाने दाखवला तो फक्त मधला खडा.

तोही लगेच मान्य झाला असे नाही. कोणत्या कोनात किती कण वळतील याचे सूत्र रदरफोर्ड यांनी दिले होते. गायगर आणि मार्सडेन पुन्हा अंधारात बसले, लाखाहून अधिक चमका मोजल्या, आणि १९१३ साली सूत्र आकड्यांशी जुळल्याचे छापले.