कौतुकाच्या पुढचा प्रश्न



किन्हीराजासारख्या गावात दीक्षान्त भाषण करायचं, तर एखाद्या उद्योगपतीची यशोगाथा सांगावी असं मला वाटेना. म्हणून एक शिक्षिका, एक धावपटू आणि काही आज्या यांची आठवण घेऊन आलो आहे.

शिक्षिका म्हणजे अनुताई वाघ. जन्म १७ मार्च १९१०चा, गाव पुणे जिल्ह्यातलं मोरगाव. तेराव्या वर्षी लग्न झालं आणि सहा महिन्यांत वैधव्य आलं. त्या काळात अशा मुलीचं उरलेलं आयुष्य चुलीपाशी आणि माजघरात जायचं. अनुताईंनी ते शाळेत घालवलं. खेड्यांत शिकवलं, पुढे पुण्यात हुजूरपागा शाळेत शिकवलं. नोकरी करता करता रात्रशाळेत शिकून १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. १९४५ मध्ये त्या बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांना येऊन मिळाल्या. ताराबाई तर एके काळी आपल्या अमरावतीच्या सूनबाई. या दोघींनी आधी बोर्डीला आणि मग कोसबाडच्या टेकडीवर वारली आदिवासी मुलांसाठी काम उभं केलं.

ती मुलं शाळेत येत नसत. कुणाच्या कडेवर धाकटं भावंड, कुणाच्या मागे गुरं. आईबाप मजुरीला गेले की घराचा भार या लेकरांवरच. ‘यांना शिक्षणाची गोडीच नाही’ असा शेरा मारून मोकळं होणं सोपं होतं. या दोघींनी शाळाच बदलली. पाड्यावरच्या अंगणात बालवाडी भरवली, धाकट्यांसाठी शाळेला लागून पाळणाघर काढलं आणि गुराख्यांसाठी शाळा थेट कुरणात नेली. बिया, शिंपले, पानं, खडे हेच शिकवायचं साहित्य. आज तुमच्या गावात जी अंगणवाडी आहे, तिचं मूळ या प्रयोगांत आहे.

आणि अनुताईंची स्वतःची पदवी? ती १९६१ साली मिळाली, वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. तोवर बोर्डी-कोसबाडच्या कामाला सोळा वर्षं होऊन गेली होती. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९९२ मध्ये त्या गेल्या.

धावपटू आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या. लता भगवान करे हे नाव तुम्ही ऐकलं असेल. पोटापाण्यासाठी हे कुटुंब बारामतीकडे गेलं. मुलींची लग्नं करून दिली, गाठीचा पैसा संपला, आणि नवरा आजारी पडला. एमआरआय काढायला पैसे नव्हते. २०१३ मध्ये साठी ओलांडलेल्या लताबाई बक्षिसाच्या पैशांसाठी बारामतीच्या मॅरेथॉनमध्ये ज्येष्ठांच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. पुढची दोन वर्षंही त्यांनी ती शर्यत सोडली नाही. त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनीच स्वतःची भूमिका केली आणि राष्ट्रीय पुरस्कारांत त्यांचा खास उल्लेख झाला. त्यांनी तालमीसाठी ना प्रशिक्षक पाहिला होता, ना बूट. पायांत जे बळ होतं ते आयुष्यभराच्या मजुरीचं.

आणि आज्या ठाणे जिल्ह्यातल्या फांगण्याच्या. मुरबाड तालुक्यातल्या या गावात ८ मार्च २०१६ रोजी, जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या पुढाकाराने ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठ ते नव्वद वर्षांच्या बाया गुलाबी नऊवारी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. त्यांची इच्छा साधी होती: पोथी आपली आपण वाचता यावी आणि अंगठ्याऐवजी सही करता यावी.

इथे टाळ्या वाजवाव्या असं तुम्हाला वाटेल. जरूर वाजवा. पण टाळ्या थांबल्यावर एक प्रश्न मला तुमच्यापुढे ठेवायचा आहे, आणि माझं सगळं भाषण त्या एका प्रश्नासाठीच आहे. या बायांना एवढी जिद्द का दाखवावी लागली?

नवऱ्याच्या एका तपासणीसाठी म्हाताऱ्या बाईला शर्यत जिंकावी लागते, ही तिच्या पायांची थोरवी आहे आणि आपल्या आरोग्यव्यवस्थेची नामुष्की आहे. नव्वदीच्या आजीला ‘अ’ गिरवताना पाहून आपण फोटो काढतो. ती सात वर्षांची असताना तिला शाळेत कुणी का घातलं नाही, हे विचारत नाही. संकटावर मात करणाऱ्याचा सत्कार आपण हौसेनं करतो, कारण सत्काराला हार-नारळ पुरतो. संकट हटवायचं तर पदरचे दिवस खर्ची पडतात.

अनुताईंचं मोठेपण मला इथेच दिसतं. बालविधवेचा भोग त्यांच्या वाट्याला आला होता. ‘मी सोसलं, तुम्हीही सोसा’ असं त्या म्हणू शकल्या असत्या. त्यांनी दुसऱ्यांच्या लेकरांची वाट सोपी केली. गुरं राखणाऱ्या पोराच्या जिद्दीची परीक्षा घेत त्या शाळेत बसून राहिल्या नाहीत, त्या कुरणात गेल्या.

मित्रांनो, तुमच्यातले कितीतरी जण पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतात. मुलींची आठशे मीटर, मुलांची सोळाशे. धावा, निवडून या. कुणी शिक्षक व्हाल, कुणी तलाठी, कुणी बँकेत जाल, कुणी सोयाबीन-तुरीच्या शेतीत राहाल. कुठेही असा, तुमच्या टेबलापाशी एक दिवस लताबाईंसारखी कुणीतरी येईल. अर्ज चुकलेला असेल, कागद अपुरा असेल. ‘उद्या या’ म्हणायच्या आधी विचारा, ही बाई किती लांबून आली आहे? शाळा सुटलेली मुलगी दिसली तर तिच्या बापाला उपदेश करण्याआधी एसटी किती वाजता येते ते बघा. ग्रामसभेला जा आणि अंगणवाडीचं छप्पर, दवाखान्यातलं औषध यावर बोला.

संत गाडगेबाबांच्या नावाचं विद्यापीठ तुम्हाला पदवी देत आहे. बाबा कीर्तनाआधी गाव झाडायचे. घाण पाहून हळहळत बसणं त्यांना मंजूर नव्हतं.

तुम्ही जिद्दी आहातच, म्हणून इथवर आलात. आता तुमच्या मागून येणाऱ्या पोराला तुमच्याइतकी जिद्द लागू नये, एवढं काम करा.