पडद्यावरची नागीण, बांधावरचा साप

शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यापाड्यांवर रेडिओभोवती बसलेल्या सगळ्या गटांना आमचा रामराम. राब भाजून झालेत, कौलं चाळून झालीत, आता मृगाची वाट बघणं चालू आहे. म्हणूनच आजचा विषय आम्ही सापाचा घेतलाय. पावसाआधी हे बोललं पाहिजे.

आम्ही सहाजणी आहोत. एक आशाताई, एक अंगणवाडीच्या बाई, बाकीच्या भातशेती करणाऱ्या. आमच्यात डॉक्टर कोणी नाही आणि मोठी शिकलेलीही कोणी नाही. पण आम्हाला विज्ञानाची आवड लागलीय. गटाचा हिशेब झाला की अर्धा तास आम्ही एक प्रश्न घेऊन बसतो. दूध का नासतं, वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून का येतो, असे प्रश्न. सापाचा प्रश्न मात्र आवडीने आला नाही, तो दुखण्यातून आला.

तीन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या एका वहिनीला आवणात साप चावला. भाताची लावणी चालू होती. आम्ही तिथेच होतो. पायाला दोरी करकचून बांधली, हळद-तिखट लावलं आणि आधी भगताकडे नेलं. न्या म्हणणाऱ्यांत आम्हीही होतो, हे आज रेडिओवर कबूल करतो. भगताने कडुलिंबाचा पाला चघळायला दिला, कडू लागतंय का विचारलं. तिला कडू लागलं. सगळ्यांना हायसं वाटलं. संध्याकाळी हिरड्यांतून रक्त यायला लागलं तेव्हा गाडी शोधली. दवाखान्यात पोचेपर्यंत फार उशीर झाला होता. तिची दोन पोरं आज आमच्याच अंगणात खेळतात.

त्यानंतर आम्ही एकमेकींना विचारलं, की आपल्याला सापाबद्दल जे काही माहीत आहे ते आपण शिकलो कुठे? आठवून बघा, तुम्हीही. शाळेच्या पुस्तकातून थोडंसं. आजीच्या गोष्टीतून थोडं. आणि बाकीचं सगळं सिनेमातून!

१९५४ साली ‘नागिन’ नावाचा सिनेमा आला. त्यातली पुंगीची धून आजही वरातीत बँडवाला वाजवतो आणि पोरं तोंडात रुमाल धरून जमिनीवर लोळतात. मजा म्हणजे तो आवाज खऱ्या पुंगीचा नव्हताच, तो वाद्यांवर वाजवून तयार केलेला होता. पुढे १९७६ साली पुन्हा ‘नागिन’ आला, त्यात नागीण जोडीदाराचा सूड घेते. १९८६ साली श्रीदेवीचा ‘नगीना’ आला. मग टीव्हीवर नागिणीच्या मालिका आल्या. त्या आम्हीही बघतो, जेवणं आटपून बघतो. बघू नका असं आम्ही मुळीच सांगणार नाही. पण मालिका संपल्यावर टीव्ही बंद होतो, आणि मालिकेतलं मात्र डोक्यात चालू राहतं. साप सूड घेतो, साप दूध पितो, साप पुंगीवर डोलतो, चावलेला साप परत येऊन विष शोषून घेतो. हे आपण कोणाकडून तपासून घेतलं?

तर तपासलेलं काय ते ऐका. सापाला बाहेरून कान नसतात. जमिनीतली थरथर त्याला चांगली कळते, हवेतला आवाजही थोडाफार कळतो, पण गाणं ऐकून तो डोलत नाही. गारुड्याचा हात आणि पुंगी हलते, तिच्यावर नजर ठेवून नाग फणा हलवतो. दूध हे सापाचं अन्न नाही. ते त्याला पचत नाही. उपाशी-तहानेला ठेवलेला साप पुढ्यात येईल ते पितो आणि पुढे त्याच दुधाने मरतो. सूड घेण्यासाठी माणसाचा चेहरा लक्षात ठेवावा लागतो, तेवढी बुद्धी सापाला नाही. उंदीर, बेडूक, लपायला जागा आणि आपला जीव, एवढंच त्याचं जग.

आता तुम्ही म्हणाल, सिनेमा आणि तमाशासारखी गंमत विज्ञानाच्या कामाची नाहीच का? आहे. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे नावाचा तरुण बहात्तर विषारी सापांबरोबर एका काचेच्या खोलीत बहात्तर तास राहिला. बघायला लोकांची रीघ लागली. त्याला साप चावले नाहीत. साप उगाच चावत नाही, पाय पडला किंवा कोंडी झाली तरच चावतो, हे त्याला दाखवायचं होतं. तेच त्याने कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं असतं तर कोण बघायला गेलं असतं? अर्थात तो जाणकार होता, तुमच्या पोरांना तसलं काही करू देऊ नका!

पण एक प्रश्न आम्हाला फार छळत होता. भगताकडे नेलेली कितीतरी माणसं बरी होतात, हे आपण डोळ्यांनी बघतो. मग भगत खोटा कसा? आम्ही बसून विचार केला, तो असा. आपल्या रानात धामण, दिवड, कवड्या असे बिनविषारी साप पुष्कळ आहेत. ते चावले तर माणूस मरतच नाही, मंत्र म्हणा की म्हणू नका. दुसरं म्हणजे विषारी साप चावला तरी प्रत्येक वेळी तो विष सोडतोच असं नाही, त्याला कोरडा दंश म्हणतात. ही सगळी माणसं आपोआप बरी होणारच असतात. त्यांचं श्रेय मंत्राला जातं. आणि जो खऱ्या विषाने जातो, त्याच्याबद्दल आपण म्हणतो, त्याचं आयुष्य तेवढंच होतं. जगला की मंत्राचा गुण, गेला की नशिबाचा दोष. असा हिशेब आपण बचत गटाच्या वहीत चालवून घेऊ का? जमा तेवढी लिहायची आणि खर्च लिहायचाच नाही? विज्ञान म्हणजे आमच्या मते दुसरं काही नाही. दोन्ही बाजू लिहिलेली वही.

ती वही मोठ्या माणसांनी देशासाठीही लिहिलीय. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने अंदाजे बारा लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला साधारण अठ्ठावन्न हजार. त्यातले निम्म्याच्या जवळपास मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. म्हणजे आपल्या लावणी-बेणणीचे महिने.

जीव घेणारे साप आपल्याकडे मुख्यतः चार. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं. जखम सुजते, हिरड्यांतून, लघवीतून रक्त येतं, मूत्रपिंडं निकामी होतात. नाग आणि मण्यार यांचं विष नसांवर जातं. पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही, शेवटी श्वास थांबतो. आमच्या वहिनीला पाला कडू लागला, कारण रक्ताच्या विषाचा जिभेच्या चवीशी काही संबंधच नाही. त्या कडू लागण्यानेच आम्हाला फसवलं.

मण्यारीचं वेगळं सांगतो, नीट ऐका. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात बारीक, दुखत नाही, खूणही सापडत नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्यातल्या एकीची पुतणी, बारा वर्षांची, पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठली. घरच्यांनी ओव्याचं पाणी दिलं, दृष्ट काढली. उजाडल्यावर पोर डोळे उघडेना. झोप येत असेल, असं सगळ्यांना वाटलं. आमच्या आशाताईने पापण्या बघितल्या आणि तिथूनच १०८ ला फोन लावला. पोरीला लस दिली, मोठ्या दवाखान्यात श्वासाच्या यंत्रावर ठेवलं. कितीतरी दिवसांनी ती घरी आली. आज शाळेत जाते. म्हणून लक्षात ठेवा: पावसाळ्यात जमिनीवर झोपलेलं माणूस रात्री पोटदुखीने उठलं आणि पापण्या जड झाल्या, तर साप दिसला नसला तरी दवाखाना गाठायचा.

ही लस येते कुठून, तेही कळायला हवं. सापाचं विष अगदी थोडं थोडं वाढवत घोड्याला टोचतात. घोड्याचं रक्त त्या विषाला मारणारा पदार्थ तयार करतं. तो वेगळा काढून शुद्ध करतात, तीच आपली लस. एकच लस या चारही सापांवर चालते, म्हणून साप मारून दवाखान्यात न्यायची गरज नाही. मुंबईत परळला हाफकिन आहे, तिथलं नाव या लसीशी फार वर्षं जोडलेलं आहे. आपल्या तानसा-भातसाचं पाणी मुंबईला जातं, तसं मुंबईहून हे आपल्याकडे आलं पाहिजे, तो आपला हक्क आहे.

आणि लसीसाठी लागणारं विष काढतं कोण? तामिळनाडूत इरुला नावाची आदिवासी जमात आहे, आपल्या कातकऱ्यांसारखी रानातली. चेन्नईजवळ १९७८ पासून त्यांची सहकारी संस्था आहे. ते साप पकडतात, विष काढतात आणि साप परत रानात सोडतात. देशातल्या लसीसाठी लागणाऱ्या विषाचा मोठा भाग त्यांच्या हातून येतो. म्हणजे रानातलं ज्ञान आणि प्रयोगशाळेतलं ज्ञान एकमेकांचे वैरी नाहीत. तिकडे महाडच्या डॉक्टर हिंमतराव बावस्करांचंच बघा. विंचू चावून कोकणात पोरं मरायची. त्यांनी खेड्यातल्या दवाखान्यात रुग्णांच्या खाटेशेजारी बसून नोंदी ठेवल्या आणि त्यातून उपचार शोधला. तो जगाने घेतला. तीही दोन्ही बाजू लिहिलेली वहीच होती.

आता करायचं काय? साप चावला की पहिल्यांदा धीर द्या. बांगड्या, अंगठी, जोडवी काढा, सूज आली की ती रुततात. चावलेला हात-पाय काठी बांधून हलू देऊ नका, हाडाला बांधतो तसा. दोरी आवळायची नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, तिखट किंवा कोंबडी लावायची नाही. माणसाला चालवू नका. १०८ ला फोन करा. गाडी पाड्यापर्यंत येत नसेल तर झोळीत आडवं घालून रस्त्यापर्यंत न्या, नाहीतर मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून न्या. किती वाजता चावला ते लक्षात ठेवा. बरं वाटत असलं तरी डॉक्टर ठेवतील तेवढा वेळ दवाखान्यात राहा.

आणि चावूच नये म्हणून: रात्री बाहेर पडताना बॅटरी आणि काठी. मोळी, पेंढा, गोवऱ्या उचलण्याआधी काठीने हलवून घ्या. धान्याच्या कणगीजवळ झोपू नका, उंदरामागे साप येतो. बाज असेल तर बाजेवर झोपा आणि मच्छरदाणी अंथरुणाखाली खोचून घ्या. नेपाळच्या तराईत मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना साप कमी चावतात असं दिसून आलंय. एका मच्छरदाणीत मलेरियाही टळतो आणि मण्यारही.

हे सगळं आम्ही आधी कागदावर लिहून समाजमंदिरात लावलं होतं. कोणी वाचलं नाही. ‘रुग्णास त्वरित स्थलांतरित करावे’ असली भाषा होती ती, आम्हालाच कळत नव्हती! मग गौरीच्या नाचात आम्ही आमचं स्वतःचं म्हटलं:

साप चावला बाई ग, दोरी नको आवळू,
पाय ठेव अडवा, वेळ नको घालवू.

पोरींनी एका रात्रीत पाठ केलं. आणि एक काम आम्ही घाबरत घाबरत केलं. त्याच भगतबाबांकडे गेलो. भांडायला नाही, चहा प्यायला. वहिनीचं नाव काढलं तेव्हा म्हातारा बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, ‘मला कोणी सांगितलं होतं का?’ खरंच, कोणी सांगितलं नव्हतं. आता त्यांच्या दारात कोणी आलं की ते म्हणतात, आधी सुई घेऊन या, अंगारा मग देतो. सर्पदंश झालेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्र-गंडा करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, हे खरं. तो कायदा व्हावा म्हणून डॉक्टर नरेंद्र दाभोलकर आयुष्यभर झटले. पण आमच्या पाड्यावर कायद्याच्या आधी चहा कामाला आला.

तेव्हा बायांनो, पुढच्या बैठकीत तीन कामं करा. दारामागे १०८ मोठ्या अक्षरात लिहा. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सापाची लस आज आहे का, रात्री कोण असतं, हे विचारा आणि गटाच्या वहीत लिहून ठेवा. आणि आज रात्री मालिका लागली की पोरांना शेजारी बसवून सांगा, ही पडद्यावरची नागीण, हिला बघून हसायचं. बांधावर दिसला तर त्याला वाट द्यायची, आणि चावलाच तर सरळ दवाखाना.

आमच्या वहिनीला आम्ही हे सांगू शकलो नाही. तुम्ही कोणाला तरी सांगा.